दोन कुलपं कशासाठी?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



सकाळपासून तिघांनी मला विचारलं, "तू नेमकं करतेस काय गं?" एकीने तर घरचं वाय-फाय नीट करून देशील का, असंही विचारलं. तेव्हा म्हटलं, दहा मिनिटं मिळालीच आहेत तर सगळ्यांना एकदाच सांगून टाकू.

सुरुवात आपल्या वर्गापासूनच करते. गणिताचे सर फळ्यावर संख्या लिहून म्हणायचे, "मूळ अवयव पाडा." ५९ गुणिले ६७ केले की ३९५३, हे आपण पटकन काढायचो. पण नुसतं ३९५३ दिलं, की एकेका मूळ संख्येने भागत बसावं लागायचं. जायला सोपा, परतायला अवघड असा हा रस्ता. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी याच अवघडपणावर आरएसए नावाचं कुलूप बनवलं. आज त्यात सर्रास वापरतात ती संख्या ६१७ आकडी असते. आपले बँकेचे व्यवहार, फोनवरचे निरोप, वेबसाइट्स हे सगळं अशाच जातीच्या कुलपांमागे असतं.

१९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवून दिलं, की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर असेल तर हे अवयव झटकन पाडता येतील. तेवढं मोठं यंत्र आज नाही. पण २०१९ मधल्या एका अंदाजानुसार त्यासाठी २ कोटी क्यूबिट आणि ८ तास लागणार होते. २०२५ मध्ये त्याच संशोधकांपैकी एकाने हिशेब सुधारला: १० लाखांपेक्षा कमी क्यूबिट आणि आठवड्याच्या आतला वेळ. यंत्र तेव्हाही नव्हतं, आजही नाही. पण उंबरठा खाली आला.

"मग यंत्र आल्यावर बघू की!" असं आमच्या ऑफिसातही म्हणतात. त्यांना मी प्रश्नपत्रिकेचं उदाहरण देते. दहावीच्या पेपरचं पाकीट परीक्षा सुरू होईपर्यंत गुप्त राहिलं की काम झालं. पण माझी टीम सांभाळते ते रुग्णांचे रिपोर्ट. एखाद्या विशीतल्या मुलीचा रिपोर्ट ती साठीची होईपर्यंत गुप्त राहायला हवा. आज कुणी तो कुलूपबंद अवस्थेतच चोरून साठवून ठेवला, तर वीस वर्षांनी यंत्र आल्यावर तो उघडेल. चोरी आजची, वाचन उद्याचं. म्हणून घाई.

नवी कुलपं तयार आहेत. अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये जगभरातून प्रस्ताव मागवले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यातलं किल्ली ठरवण्याचं मानक म्हणजे एमएल-केईएम. आता वाद असा, की जुनं कुलूप काढून फक्त नवं लावायचं, की दोन्ही एकत्र लावायची? अमेरिकेची एनएसए म्हणते, नवं एकटं पुरेसं आहे. दोन्ही ठेवली की गुंतागुंत वाढते, आणि जुनं पुढे पुन्हा काढावं लागेलच. जर्मनी आणि फ्रान्सच्या सुरक्षा संस्था म्हणतात, नवं अजून मुरलेलं नाही, दोन्ही लावा. एनएसएचा मुद्दा खोटा नाही. गुंतागुंतीतूनच चुका होतात, हे मी रोज बघते.

तरीही मी दोन कुलपांच्या बाजूची आहे. कारण सांगते, आणि त्यात माझी चूकही आहे.

निस्टच्या स्पर्धेत 'साइक' नावाची एक पद्धत होती. तिच्या किल्ल्या इतरांपेक्षा खूप लहान, म्हणून मी तिच्या प्रेमात होते. आमच्या चाचणीत ती एकटीच लावू या, जुनं कशाला, असा माझा आग्रह होता. टीममधला माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगा ऐकेना. "मॅडम, जुनं राहू दे जोडीला." मी जरा चिडूनच हो म्हटलं. जुलै २०२२ च्या अखेरीस बेल्जियममधल्या दोन गणितज्ञांनी साइक फोडली. क्वांटम कॉम्प्युटरने नव्हे, साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर, साधारण तासाभरात. कित्येक वर्षं तज्ज्ञांनी तपासलेली पद्धत ती! दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाकडे जाऊन म्हटलं, "तुझं बरोबर होतं." त्या चाचणीत खरे रिपोर्ट नव्हते, पण पुढच्या टप्प्यात असणार होते.

एमएल-केईएमचं गणित वेगळं आहे आणि ते फुटेल असं मला वाटत नाही. पण साइकबद्दलही मला तसंच वाटत होतं. सिग्नलने २०२३ मध्ये आणि क्रोम ब्राउझरनेही जुनं-नवं मिळूनच सुरुवात केली. त्यासाठी दर जोडणीमागे साधारण दोन हजार बाइट जास्त जातात. एका फोटोपुढे ते काहीच नाहीत.

तुमच्यापैकी काही जण दवाखाने चालवता, काही पतसंस्थेत आहात, काही वकील आहात. एक काम करा. तुमच्याकडची कोणती माहिती किती वर्षं गुप्त राहायला हवी, याची यादी करा आणि तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, त्याची तयारी काय आहे. फोनचे अपडेट पुढे ढकलू नका.

आणि सर, उत्तर आलं तरी पडताळा केल्याशिवाय तुम्ही पूर्ण गुण देत नसत. तेव्हा राग यायचा. आता मीही टीमला तेच सांगते, आणि त्यांनाही येतो.

वाय-फायचं जेवणानंतर बघते.