लिनक्स, लॅपटॉप आणि दुसरा पडदा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून लॅपटॉप आणि त्याला जोडलेला दुसरा पडदा यांविषयी बोलावयाचे, म्हणजे काहींना विषय हलका वाटण्याचा संभव आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा घातली, ती उपयोगाचे ज्ञान लोकांना लोकांच्या भाषेत मिळावे म्हणून. आमचा विषय त्या कसोटीस उतरतो की नाही, हे आपणच ठरवावे.

हा विषय आजच का निघाला ते आधी सांगतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ जुन्या यंत्रांना आपल्यात घेत नाही. आता वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात अशी घरे पुष्कळ आहेत, की जेथे लॅपटॉप एकच असतो आणि तोही थोरल्याच्या नोकरीतून धाकटीच्या कॉलेजाकडे आलेला. बिजागरी मोडलेली, पडद्यावर रेघ पडलेली, बॅटरी मेलेली. पण आतले यंत्र धडधाकट. अशा यंत्रावर कोणी जाणता मित्र लिनक्स घालून देतो. ती फुकट मिळते, मराठी उत्तम दाखविते आणि जुन्या यंत्रावरही चालते. मग घरचे लोक दोन-चार हजारांचा जुना मॉनिटर आणतात, तार जोडतात आणि पडदा काळाच राहतो. दुकानदार सांगतो, "कार्ड गेले, नवा लॅपटॉप घ्या." नाहीतर मनुष्य विरारहून लोकल पकडून, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालतो. दिवस जातो, पैसे जातात आणि दोष पुष्कळदा एखाद्या शब्दात असतो.

तेव्हा प्रथम ज्यांत संगणकाची विद्या लागत नाही अशा गोष्टी पाहू. मॉनिटरला स्वतःचा एक मेनू असतो. त्यात एचडीएमआय निवडले आहे की जुने व्हीजीए, हे कोणी बघतच नाही. तार दुसऱ्या यंत्रावर लावून पाहावी. आपल्याकडचा खारा वारा आणि पावसाळ्यातली ओल धातूच्या टोकांना मानवत नाही, हेही ध्यानात असावे. टाइप-सीचे भोक दिसले म्हणजे त्यातून चित्र येईलच असे नाही. कित्येक यंत्रांत त्यातून फक्त वीज आणि फाइली जातात. आणि एचडीएमआयवरून व्हीजीएवर नेणारी जी छोटी डबी मिळते ती नुसती तार नव्हे, तिच्यात एक लहानसे यंत्र असते, आणि स्वस्त डबीत ते दगा देते.

येथे थोडे थांबतो, कारण ही गोष्ट मोठी मौजेची आहे. प्रत्येक मॉनिटर आपले ओळखपत्र घेऊन येतो. त्यास ईडीआयडी म्हणतात. मूळचे हे ओळखपत्र अवघे १२८ बाइटांचे. आपण कोणत्या कारखान्याचे, किती लांबरुंद, सेकंदास किती वेळा चित्र बदलू शकतो, हे सारे त्यात असते. लॅपटॉप ते वाचतो आणि मगच चित्र धाडतो. डबीने किंवा तारेने हे पत्र पोचविले नाही, तर लॅपटॉप बिचारा अंदाजाने १०२४ गुणिले ७६८ असे ठेंगणे चित्र पाठवितो, अथवा पाठवीतच नाही. चित्र दिसते पण फुगलेले, पसरट दिसते, अशी तक्रार आली की ड्रायव्हरच्या मागे लागण्यापूर्वी डबी बदलून पाहावी.

एवढ्याने भागले नाही, तर एका पेनड्राइव्हवर लिनक्सची ताजी प्रत घेऊन यंत्र तिच्यावरून चालू करावे. आतल्या डिस्कला हात लागत नाही. दुसरा पडदा उजळला, तर तार, भोक, कार्ड सगळे ठीक आहे आणि बिघाड घरच्या मांडणीत आहे, हे निश्चित झाले. न उजळला, तर मात्र त्यावरून कार्ड गेले असे म्हणता येत नाही. त्या प्रतीत योग्य ड्रायव्हर नसेल इतकेच.

आता हा ड्रायव्हर कोण? आम्ही त्याला दुभाष्या म्हणतो. १५३४ पासून १७३९ पर्यंत जी भूमी पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, तिला दुभाष्याचे महत्त्व आम्ही काय सांगावे! लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, एक भाषा बोलतो. चित्र काढणारी चकती दुसरी. दुभाष्या नसला किंवा चुकीचा असला, तर दोघे एकमेकांकडे बघत बसतात.

अडचण अशी की पुष्कळ लॅपटॉपांत चकत्या दोन असतात. एक इंटेलची, कमी वीज खाणारी. दुसरी एन्व्हिडियाची, जोरकस. २०१० साली एन्व्हिडियाने ऑप्टिमस नावाने ही जोडी बाजारात आणली. कित्येक यंत्रांत बाहेरच्या पडद्याचे भोक थेट एन्व्हिडियाच्या चकतीला जोडलेले असते. म्हणून होते असे, की लॅपटॉपचा स्वतःचा पडदा छान चालतो, कारण तो इंटेलकडे आहे, आणि बाहेरचा मात्र मुका. इंटेल आणि एएमडी यांचे दुभाषे कर्नलबरोबरच येतात, त्यांचा मजकूर कोणीही वाचावा. एन्व्हिडियाने आपला दुभाष्या बंद पेटीत ठेवला. तेव्हा काही स्वयंसेवकांनी चकतीचे वर्तन बाहेरून न्याहाळून नूव्हो नावाचा दुसरा दुभाष्या तयार केला. ही केवढी चिकाटी! २०१२ साली फिनलंडमध्ये आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना एका श्रोत्या बाईंनी नेमका याच लॅपटॉपांचा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनी एन्व्हिडियाला उद्देशून हाताने जी खूण केली ती येथे करून दाखविण्यासारखी नाही. पुढे मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलात बसणाऱ्या भागाचा मजकूर खुला केला. पण तो नव्या चकत्यांपुरता. आपल्या घरांतले जुने लॅपटॉप त्यात बसत नाहीत, त्यांनी नूव्हो तरी वापरावा किंवा कंपनीचा जुना बंद ड्रायव्हर शोधावा. आमच्या मते, लिहिणे-वाचणे आणि हिशेब एवढेच काम असेल तर नूव्हो बरा.

कोणता दुभाष्या कामावर आहे हे पाहण्यास टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा 'के' हे अक्षर जोडून द्यावी. प्रत्येक चकतीखाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव येते. नावच नसेल, तर रोग तेथेच सापडला. एक्सरॅन्डर नावाच्या आज्ञेचे जुने तोडगे पुष्कळ जण देतात. पण आज बहुतेक लिनक्स वेलँड पद्धतीने चालते, तेथे ते तोडगे लागू पडत नाहीत. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येच काम करावे.

आता तो दोषी शब्द. लिनक्स घालताना पडदा काळा झाला, की मित्र सुरुवातीच्या ओळीत 'नोमोडसेट' असा शब्द घालतो. त्याचा अर्थ, कर्नलने चित्राची मांडणी आपल्या हाती घेऊ नये. तात्पुरता उपाय म्हणून तो ठीक. परंतु तो शब्द तसाच राहतो, आणि मग दुसरा पडदा कधीच ओळखला जात नाही. ग्रबच्या फाइलीतून तो काढावा, ग्रब ताजे करावे, यंत्र पुन्हा चालू करावे.

दुसरे, सिक्युअर बूट. ते चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर बसविताना एक परवलीचा शब्द मागितला जातो आणि पुढच्या वेळी निळा पडदा येऊन तोच शब्द विचारतो. घाबरून लोक 'पुढे चला' दाबतात. तेथे थांबून किल्लीची नोंद करावयाची असते.

आणि तिसरे आपल्या पावसाळ्याचे. बॅटरी मेलेली, अपडेट चालू आणि वीज गेली. नवा कर्नल बसला, पण त्याच्यासाठी एन्व्हिडियाचा दुभाष्या घडवावयाचा राहून गेला. उबुंटू किंवा डेबियन असेल, तर सुडो लावून डीपीकेजीला अर्धवट राहिलेली मांडणी पुरी करण्याची आज्ञा द्यावी, आणि कर्नलचे हेडर नावाचे पॅकेज आहे ना ते पाहावे. त्यावाचून ड्रायव्हर घडत नाही. हे सारे शिकावयाचे तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक पाठ मराठीतही आहेत, इंग्रजीला अडून बसण्याचे कारण नाही.

हे करण्याआधी शंका खरी आहे का, हे पाहण्याची सोपी युक्ती आहे. यंत्र सुरू होताना ग्रबचा मेनू उघडावा आणि प्रगत पर्यायांत जाऊन आधीचा कर्नल निवडावा. त्यावर दुसरा पडदा उजळला, की मॉनिटर, तार आणि कार्ड तिन्ही निर्दोष ठरतात, आणि लॅमिंग्टन रोडचे तिकीट वाचते.