भिंतीच्या खालची नदी

(नर्मदाकाठच्या आणि डोंगरातल्या गावांच्या बैठकीत झालेले भाषण. बोलणे जसे झाले तसेच बहुतेक ठेवले आहे.)



आजपर्यंत आपण बुडिताचं बोललो. महाराष्ट्रातली 33 गावं, तिथली शेतं, जंगल, देव. ते सगळं भिंतीच्या वरचं. आज मी भिंतीच्या खालचं बोलणार आहे. सकाळी एका दादाने विचारलं, "खाली तर काहीच बुडत नाही. मग तिथल्या लोकांना धरणाचा काय त्रास?" साहेबलोकही हेच म्हणतात. म्हणून खालच्या मच्छीमाराचं नाव धरणग्रस्तांच्या यादीत नाही.

केवडियाच्या भिंतीपासून समुद्रापर्यंत नर्मदा दीडशे किलोमीटरच्या वर चालते. तिथेही माणसं नदीवरच जगतात. आता बघा, नदीबरोबर काय काय चालतं.

पहिला पूर. आषाढात पहिलं गढूळ पाणी आलं की आपल्याकडे मासा चढतो, हे पोरंसुद्धा जाणतात. तसाच समुद्रातला एक मासा आहे, हिलसा. कोकणात त्याला पाला म्हणतात. तो राहतो खाऱ्या पाण्यात, पण अंडी घालतो गोड्या पाण्यात. पुराचं पाणी खंभातच्या आखातात पोचलं की त्याला नदीची वाट कळते, आणि तो भरूचच्या बाजूने नर्मदेत चढतो. पिल्लं मोठी झाली की परत समुद्रात जातात. भरूचकडच्या मच्छीमाराची वर्षाची कमाई बरीचशी या पावसाळ्याच्या दिवसांवर असायची. धरणाने पूर अडवला तर त्या माशाला बोलावणार कोण?

मोठ्या झिंग्याचं उलटं. तो गोड्या पाण्यात राहतो, पण मादी पिल्लं सोडायला खाली जाते, जिथे गोडं-खारं मिसळतं तिथे. पिल्लं पुन्हा वर येतात. म्हणजे एकाला वर यायला वाट पाहिजे, दुसऱ्याला खाली जायला आणि परत यायला.

हे नुसतं भीतीचं बोलणं नाही. गंगेवर बंगालमध्ये फराक्का इथे 1975 साली बंधारा सुरू झाला. त्याआधी हिलसा गंगेतून बिहार ओलांडून पार अलाहाबादच्या वर जायचा. बंधारा झाला आणि वरच्या गंगेत हिलसा जवळजवळ संपला. तिथल्या कोळ्यांची जमीन गेली नव्हती, घर बुडालं नव्हतं. जाळं मात्र रिकामं झालं.

दुसरा गाळ. पाणी थांबलं की गाळ तलावात बसतो. भिंतीखाली जातं ते गाळ नसलेलं पाणी, आणि असं पाणी नदीचा तळ आणि काठ खरवडत जातं. पूर ओसरल्यावर काठावरच्या गाळात टरबूज, भाजी लावतात. खत लागत नाही, नदीच खत देते. तो गाळ समुद्राच्या तोंडाशी पोचतो तेव्हा बारीक जीव वाढतात, त्यावर माशांची पिल्लं जगतात. गाळ अडला की ही सगळी साखळी उपाशी.

तिसरी पाण्याची चाल. मोठ्या धरणाच्या तळातलं पाणी थंड असतं आणि त्यात माशाला श्वासाला हवा कमी. तेच खाली सोडलं तर नाजूक मासा टिकत नाही. आणि वीजघर चालतं शहराच्या गरजेवर. संध्याकाळी मशीन चालू, पाणी चढलं. रात्री मशीन बंद, पाणी उतरलं. काठाला घातलेली अंडी कोरडी पडतात. नदी ओलांडणाऱ्या बाईला तरी काय कळणार, पाणी कधी येतं?

चौथं मीठ. भरतीला समुद्र नदीत शिरतो. नदीला जोर असेल तर ती त्याला मागे ढकलते. जोर गेला की खारं पाणी वर सरकतं, विहिरी आणि शेतं खारी होतात.

आता हिशोब ऐका. 1979 साली लवादाने निकाल दिला. नर्मदेचं पाणी धरलं 28 दशलक्ष एकर फूट. एक एकर फूट म्हणजे एका एकरात एक फूट उभं पाणी. त्यातून मध्य प्रदेशला 18.25, गुजरातला 9, राजस्थानला 0.50, महाराष्ट्राला 0.25. बेरीज करा, बरोबर 28 होते. चार राज्यांनी वाटून घेतलं. नदीचा म्हणून वेगळा वाटा कुठे आहे? माशाचा वाटा कुठे आहे?

जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये सांगितलं की धरणाच्या खाली काय होईल याचा नीट अभ्यास कोणी केलेलाच नाही, आणि हिलशाला जबर धोका आहे. भिंत मात्र आधीच चढू लागली होती.

मग आपला काय संबंध? संबंध असा की नदी एकच आहे. आपल्या बाजूला वाहतं पाणी उभं राहिलं, म्हणजे डोह गेला आणि वाहत्या पाण्यातला महाशीर गेला. पूर्वी आपण कोणाला न विचारता मासा धरायचो. तलावाचा ठेका निघाला तर ठेकेदार आपल्यालाच चोर म्हणेल. सातबाऱ्यावर नदी नसते, म्हणून नुकसानीच्या कागदावर मासाही नसतो. वरच्यांना म्हणतात जमिनीचं बघू, खालच्यांना म्हणतात तुमचं काही गेलंच नाही. दोघांना वेगळं ठेवणं त्यांच्या सोयीचं आहे.

म्हणून तीन कामं ठरवू या.

एक, गावोगाव बसून डोहांची नावं, माशांची नावं, कुठल्या महिन्यात कुठला मासा मिळतो आणि कोण धरतं, ते लिहायचं. आपल्या बोलीतलीच नावं लिहायची. म्हाताऱ्यांना आणि बायांना आधी विचारायचं, त्यांना जास्त माहीत असतं.

दोन, भरूचच्या मच्छीमारांना भेटायला प्रत्येक गावातून दोन माणसं जातील, त्यात एक बाई.

तीन, सरकारला लेखी विचारायचं: भिंतीखाली कुठल्या महिन्यात किती पाणी सोडणार? अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

आपण जमिनीसाठी लढतो तेव्हा नदीसाठीही लढतो, हे खालच्या गावांना आपण जाऊन सांगायला पाहिजे. ते आपल्याकडे येतील याची वाट बघत बसायचं नाही.

जिंदाबाद!