दुभाष्या ज्याचा त्याने आणावा

(जोयडा येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



प्रवासवर्णन ऐकवायला मी उभा नाही. पण सुरुवात एका प्रवासापासूनच करावी लागते. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना न्यू यॉर्कमधले संयुक्त राष्ट्रांचे मुख्यालय पाहिले. ईस्ट रिव्हरच्या काठची ती सुमारे १८ एकर जागा आंतरराष्ट्रीय भूमी मानली जाते. अंगणात नळीला गाठ मारलेल्या पिस्तुलाचे मोठे शिल्प आहे. आत आमसभेचे सभागृह. १९३ सदस्य देश, प्रत्येक आसनाशी कानाला लावायचे यंत्र आणि भिंतीत काचेआड दुभाष्यांच्या खोल्या.

त्या खोल्यांपाशी मी रेंगाळलो. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी आणि अरबी अशा सहा अधिकृत भाषा. अरबीला ते स्थान १९७३ साली मिळाले. इतर भाषेत बोलायला बंदी नाही. मात्र नियम असा, की या सहांपैकी एकीत भाषांतर करून देण्याची सोय वक्त्याने स्वतः करावी. १९७७ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी तिथे हिंदीत बोलले, ते या नियमाच्या चौकटीतच.

नियम ऐकला आणि मला आमचा जोयडा आठवला. आपल्याकडचे कुणब्याचे पोर पहिलीच्या वर्गात पाऊल टाकते, तेव्हा त्यालाही हाच नियम लागतो: तुझी भाषा बोल, पण दुभाष्या तुझा तू आण. देशाच्या प्रतिनिधीपाठी सरकार असते. या पोरापाठी कोण असते?

एक प्रसंग सांगतो. मी वर्गात ‘आमच्याकडील कंदमुळे’ या विषयावर निबंध दिला. एका मुलीने चार ओळी लिहून वही मिटली. म्हटले, ‘‘घरी बोलतेस तसं सांग बघू.’’ ती पाऊण तास बोलली. कोणता कंद कधी खणायचा, कोणता उकडायचा, बियाण्याला कोणता राखायचा, सगळे सांगितले. तिच्या निम्म्या शब्दांना माझ्याकडे प्रतिशब्द नव्हता. साहित्यातली डॉक्टरेट घेतलेला मी त्या दिवशी दुभाष्याविना बसलो होतो. आधीच्या कित्येक वर्षांत अशा किती वह्या चार ओळींवर मिटल्या असतील आणि मी त्यांना कमी गुण दिले असतील, हा हिशेब मला अजून छळतो.

याच आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिम जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा १४४ मतांनी संमत केला. भारताने बाजूने मत दिले. स्वातंत्र्यानंतर सर्वच भारतीय इथले मूळचे, ही आपली भूमिकाही मांडली. त्या जाहीरनाम्याचे तेरावे कलम भाषा पुढच्या पिढीला देण्याचा आणि आपल्या गावांची नावे राखण्याचा हक्क सांगते.

गावांच्या नावांचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. काळी नदीवर धरण झाले, सुपा गाव पाण्याखाली गेले, उठलेली कुटुंबे रामनगरला वसली आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. मुख्यालयाच्या तळघरात टपाल कार्यालय आहे. तिथली तिकिटे तिथूनच चालतात. आईला पत्र टाकताना माझ्या हातून ‘तालुका सुपा’ असेच लिहिले गेले. पिन बरोबर होता म्हणून ते पोचले. आई म्हणाली, ‘‘गावाचं नाव तेवढं बरोबर लिवलंस.’’

अकादमीला माझी एकच विनंती आहे. या वार्षिकाची काही पाने दरवर्षी कुणबी बोलीतल्या कथनांना द्यावीत. विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकावे, ऐकले तसेच लिहावे, खाली शब्दार्थ द्यावेत. छापताना ते ‘शुद्ध’ करू नये. शिक्षकांनी वर्गात आधी ऐकावे, मग सुधारावे. इतकी वर्षे दुभाष्या त्या पोरांनी आणला. आता तो आपण आणू या.