धावणं थांबलं, तरी दमसास राखा

"सहा आठवडे धावायचं नाही," असं डॉक्टर सांगतात, तेव्हा धावणाऱ्या माणसाला दुखऱ्या नडगीपेक्षा ते वाक्य जास्त लागतं. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतर आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीतली कितीतरी माणसं पहाटे धावायला रस्त्यावर आली. गुडघ्याची, टाचेची, नडगीची दुखणीही मग ओघानं आली. सक्तीनं घरी बसलेल्या अशा सगळ्यांना आज मी पोहण्याचा आग्रह करणार आहे.

धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. एका किलोमीटरला अशी साधारण हजार पावलं पडतात. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली असेल किंवा टाचेमागची शीर सुजली असेल, तर हा मारा थांबवण्यावाचून इलाज नसतो. पण हृदय आणि फुप्फुसं तर धडधाकट असतात. ती काही आठवडे नुसती बसून राहिली, की कष्टानं कमावलेला दमसास ओसरू लागतो. पाणी उपयोगी पडतं ते इथे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं, की पायांवर जवळपास निम्माच भार उरतो. गळ्याएवढ्या पाण्यात तर तो एक दशांशाच्या आसपास येतो. श्रम मात्र कमी होत नाहीत. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं आणि आपण वेग दुप्पट करू गेलो, तर त्याचा विरोध चौपट होतो. म्हणजे भार उतरतो, मेहनत तेवढीच राहते. दुखावलेल्या धावपटूला नेमकं हेच हवं असतं.

तरीही एकवीस किलोमीटर सहज धावणारा माणूस पंचवीस मीटर पोहून कठड्याला धापा टाकत उभा राहतो. त्यानं खचून जाऊ नये. त्याचा दम कमी पडलेला नसतो, श्वास पाण्यात अडकलेला असतो. तोंड पाण्यात असताना श्वास सतत बुडबुड्यांनी सोडत राहायचा आणि अंग कुशीवर वळेल तेव्हा तोंड बाजूला करून तो घ्यायचा. पहिला आठवडा एवढ्याच सरावाला द्या. गावच्या विहिरीत पाठीला डबा किंवा पांगाऱ्याचं लाकूड बांधून पोहायला शिकलेल्यांची सवय डोकं वर ठेवण्याची. त्यानं माणूस तरंगतो, पण कंबर आणि पाय खाली जातात आणि लांब अंतर जड जातं. नजर तळाकडे ठेवा, की पाय आपोआप वर येतात. धावणाऱ्यांचे घोटे ताठर असतात, म्हणून पाय गुडघ्यातून न झाडता खुब्यातून हलवा आणि घोटे सैल सोडा. प्रत्येक लांबीनंतर थोडं थांबा. घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांच्या मागे लागू नका. पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा जरा कमीच चालते.

गुडघा दुखत असेल, तर ब्रेस्टस्ट्रोक सध्या बाजूला ठेवा. त्यात पाय बाहेर फेकताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर ताण येतो. फ्रीस्टाइल आणि पाठीवरचं पोहणं बरं. हाडाला चीर असेल, तर भिंतीला जोरात पाय मारून निघू नका. ज्यांना धावण्याची हालचालच हवी असते, त्यांनी कमरेला तरंगता पट्टा बांधून, पाय तळाला लागणार नाहीत अशा पाण्यात उभ्यानं धावावं. पोहणं अजिबात येत नसेल, तर जीवरक्षक असलेल्या तलावातच आणि प्रशिक्षकाच्या नजरेखालीच उतरा.

पाण्यानं माणसाला केवढा आधार दिला, हे मुरलीकांत पेटकरांकडे पाहिलं की कळतं. सांगली जिल्ह्यातले पेटकर लष्करात मुष्टियोद्धा होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले आणि उपचार म्हणून पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले भारतीय पॅरालिम्पिकपटू. त्यांच्या जखमांपुढे आपली नडगी किरकोळ आहे. पण शरीराचा एक भाग अडला, तरी बाकीच्या शरीराला काम देता येतं, हा त्यांचा धडा आपल्यालाही घेता येईल.

एक गोष्ट मात्र पाण्यातून मिळत नाही. हाडं भार पेलूनच बळकट होतात आणि पाणी तर भारच काढून घेतं. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली, की आधी चालणं, मग चालता-चालता थोडं धावणं, अशा पायऱ्यांनी रस्त्यावर या. दम शाबूत असल्यामुळे पहिल्याच दिवशी जास्त धावावंसं वाटेल. हाडं तेवढी तयार नसतात, म्हणून तो मोह आवरा. आणि पूर्ण बरे झाल्यावरही आठवड्यातला एखादा दिवस तलावासाठी राखून ठेवा. त्या दिवशी पायांना विसावा मिळेल आणि व्यायामही चुकणार नाही.