रविवारी ड्युटी असलेल्यांसाठी



आजचं मनन आपण बोम्मसंद्र्यातून करतो आहोत. महाराष्ट्रातून पाहणाऱ्यांना हे नाव नवं असेल. बंगळूरहून होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यानं इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडली की हा औद्योगिक पट्टा लागतो. यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने इथं आहेत, औषधांच्या कंपन्या आहेत आणि हृदयावरच्या उपचारांसाठी नावाजलेलं नारायणा रुग्णालयही याच भागात आहे. नगर, सोलापूर, लातूर, बेळगावकडची आपली माणसं इथं यंत्रावर, प्रयोगशाळेत, वॉर्डात कामाला आहेत. अनेकांचा दिवस घड्याळापेक्षा पाळीवर चालतो. पहिली, दुसरी, नाईट. साप्ताहिक सुट्टी तर नवऱ्याची एका वारी, बायकोची दुसऱ्या वारी.

त्यामुळे इथं एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "रविवारी माझी ड्युटी असते. महिना-महिना मंडळीत जाणं होत नाही. घरी येऊन बायबल उघडलं की दोन ओळींत डोळे मिटतात. माझा विश्वास थंड पडला का?" विचारणारी कधी नर्स असते, कधी मशीनवरचा तरुण मुलगा, कधी दोन लेकरांची आई. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मंडळीत गेलं काय आणि न गेलं काय, सारखंच, असं मी म्हणणार नाही. इब्री लोकांस पत्रात एकत्र येणं सोडू नका, एकमेकांना धीर द्या, असं बजावलं आहे. एकट्यानं निखारा फार वेळ धगधगत नाही, हे चुलीजवळ बसलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण त्या वचनात वाराचं नाव नाही. आणि इतिहासही बघा. रोमी साम्राज्यात रविवारच्या विश्रांतीचा हुकूम सम्राट कॉन्स्टंटाईननं काढला तो ३२१ साली. म्हणजे सुरुवातीची जवळजवळ तीनशे वर्षं आपल्या पूर्वजांना रविवारची सुट्टी नव्हतीच. इ. स. ११२च्या सुमारास बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी यानं सम्राट त्रायानला एक पत्र पाठवलं. त्यात त्यानं नोंदवलं आहे की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्याआधी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. उजाडण्याआधीच का जमत असतील? त्यांच्यापैकी अनेक जण दुसऱ्याच्या चाकरीत होते. त्याच पत्रात मंडळीच्या दोन सेविकांचा उल्लेख आहे, आणि त्या दोघी दासी होत्या. तेव्हा नाईट संपवून मंगळवारी सकाळी चार घरं एका हॉलमध्ये प्रार्थनेला बसली, तर ती कमी प्रतीची मंडळी नव्हे. ती फार जुन्या पद्धतीची मंडळी आहे.

आता प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. मंडळीत एक-दोन तास जातात. बाकीच्या तासांचं काय? यंत्रासमोरचे आठ तास, स्वयंपाकघरातले तास, लेकराच्या डब्याचे आणि गृहपाठाचे तास. देव त्या तासांत कुठं असतो?

लूक सांगतो की प्रभू येशूनं सेवाकार्य सुरू केलं तेव्हा त्याचं वय सुमारे तीस होतं. त्याआधीच्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं फार थोडं बोलतात. मार्क त्याला सुतार म्हणतो, तेही गावकऱ्यांच्या तोंडून, आणि गावकरी ते जरा हिणवूनच म्हणतात. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर यानं लिहून ठेवलं आहे की येशू नांगर आणि जू बनवत असे. म्हणजे नासरेथमध्ये एखादा शेतकरी मोडकं जू घेऊन आला असेल, लाकूड तपासलं गेलं असेल, बैलाच्या खांद्याला कुठं टोचतं ते पाहिलं गेलं असेल.

यानंतर यार्देन नदीवरचा बाप्तिस्मा आठवा. स्वर्गातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. ही वाणी कधी झाली? एकही उपदेश झाला नव्हता, एकही आजारी बरा झाला नव्हता, एकही शिष्य मागे आला नव्हता. पित्याचा संतोष जाहीर झाला तेव्हा येशूच्या पाठीशी होती ती घरातली आणि कामाची वर्षं. तुम्ही लॅपटॉपसमोर, शिलाई मशीनवर किंवा रुग्णाच्या उशाशी असता, तेव्हा देवाच्या नजरेतून बाहेर गेलेले नसता. तुमचा प्रभू त्या जागेवरून आधीच जाऊन आला आहे.

पण इथं थोडं जपून चालायला हवं. "काम हीच पूजा" अशी पाटी पुष्कळ ठिकाणी लावलेली असते. ती ज्यानं लावली त्याला कधी कधी एवढंच हवं असतं की तुम्ही ओव्हरटाईमबद्दल विचारू नये. शुभवर्तमान असं बोलत नाही. कलस्सैकरांस पत्रात पौल दासांना सांगतो की जे काही कराल ते प्रभूसाठी म्हणून मनापासून करा. हे वाक्य आपल्याला पाठ असतं. पण अध्याय तिथं संपला म्हणून आपणही तिथंच थांबतो. पुढच्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तोच पौल धन्यांकडे वळतो. दासांशी न्यायानं आणि समतेनं वागा, कारण तुमचाही एक धनी स्वर्गात आहे. ही दोन वचनं शेजारी शेजारी आहेत, ती तोडून वाचायची नाहीत. दहा आज्ञांमधली शब्बाथाची आज्ञाही पाहा. विश्रांती घरमालकाला सांगितली आहे, तशीच त्याच्या दासाला, दासीला आणि गुराढोरांनाही. ज्या कामात कामगाराला उसंतच नाही, त्याला पूजा म्हणून देवाच्या नावावर खपवता येत नाही.

मग काम विश्वासाचं होतं म्हणजे नेमकं काय होतं? मला एक साधी कसोटी उपयोगी वाटते. माझ्या कामाच्या पलीकडच्या टोकाला कोण उभं आहे?

औषधाच्या कारखान्यात बॅच रेकॉर्ड भरताना एक नोंद राहून गेली. वरिष्ठ म्हणतात, "मागची तारीख टाकून भर ना, कोण बघतंय?" त्या कागदावर पुढचं माणूस दिसत नाही. पण ती गोळी कुणाच्या तरी जिभेवर जाणार आहे, कदाचित इथून दोन किलोमीटरवरच्या वॉर्डात. मशीनवर उत्पादन वाढावं म्हणून सुरक्षेचा सेन्सर बंद करून ठेवला, तर पुढच्या पाळीला त्याच मशीनवर येणाऱ्या मुलाची बोटं धोक्यात आहेत. आपल्याला शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा आहे, आणि कारखान्यात शेजारी बहुधा असाच असतो. त्याचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं. तिथं "नाही, हे मी लिहिणार नाही" म्हणणं ही प्रार्थनाच आहे. ती महाग पडू शकते. कंत्राटी कामगाराला तर फारच महाग पडू शकते, आणि घरभाडं भरायचं असलेल्या माणसाला हे सोपं आहे असं सांगण्याचा मला अधिकार नाही. म्हणूनच मंडळीनं त्याच्या पाठीशी उभं राहायचं असतं. खरं बोलल्यामुळे एखाद्याचं काम गेलं, तर त्या महिन्याचं त्याच्या घरचं रेशन हा मंडळीचा विषय आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत काम आणि भक्ती वेगळी काढलेलीच नव्हती. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८चा, याच आजच्या कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या रानात. पुढं १८९६-९७च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा त्यांनी पुण्याजवळ केडगावला आणल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना होती, तसंच विणकाम होतं, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बाईला कळेल अशा भाषेत. ते छापलं केडगावच्या बायकांनी. ज्यांना पूर्वी कुणी अक्षर शिकवलं नसतं, अशा हातांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळवले. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आलं. एखादा खिळा उलटा लागला तर शब्द बदलतो, हे त्या बायकांना ठाऊक होतं. त्यांची भक्ती त्या लक्ष देण्यात होती.

आणि घर? मला वाटतं, कारखान्यापेक्षा घर अवघड. तिथं आपला खरा स्वभाव सुट्टीवर जात नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली वर्षं घर फुटल्याची, दुराव्याची, लोकांच्या बोलण्याची होती. पुन्हा नवऱ्याजवळ राहायला आल्या तरी त्यांचं सोवळं चालूच होतं, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. कुणी वादात जिंकून त्यांना बदललं नाही. त्यांनी स्वतःशीच विचार केला की हे जातीचे भेद देवानं केले की माणसानं. माणसानं केले, असं मनाला पटलं, आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. विश्वास त्यांच्या घरात असा शिरला, पाण्याच्या भांड्यातून. बाप्तिस्मा त्यानंतरचा.

पुढं त्यांच्या घरात अनाथ मुलं वाढली. टिळक कवी आणि दानशूर, हातातलं देऊन मोकळे होणारे. संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. टिळकांची भजनं आजही आपण गातो. पण ती भजनं ज्या घरात लिहिली गेली, तिथली भाकरीही कुणीतरी थापलेली होती, आणि देवाच्या हिशेबात तिचीही नोंद आहे.

म्हणून पुरुषांना आज एक प्रश्न विचारते. पत्नी पहिली पाळी करून तीन वाजता घरी येते, तुम्हीही तेव्हाच येता. ती ओट्याशी उभी राहते आणि तुम्ही सोफ्यावर बसून मोबाईलवर संदेश ऐकता, कदाचित हाच संदेश. या दोघांपैकी उपासना कोण करतंय? पुनरुत्थानानंतर प्रभू तिबिर्याच्या सरोवराकाठी शिष्यांना भेटला, ते रात्रभर राबून रिकाम्या हातानं आले होते. नाईट शिफ्टच म्हणा. त्यानं आधी निखाऱ्यावर मासळी भाजून ठेवली, भाकर दिली, खायला बोलावलं. पेत्राशी मोठं बोलणं झालं ते न्याहारीनंतर. मरणावर जय मिळवलेल्या प्रभूला चुलीजवळ बसणं कमीपणाचं वाटलं नाही. तेव्हा मोबाईल थोडा वेळ बाजूला ठेवा आणि कांदा चिरायला घ्या. मी रागावणार नाही!

१० ऑगस्ट २०२५ला आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्र्यापर्यंतच्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचं उद्घाटन झालं, सुमारे एकोणीस किलोमीटर, सोळा स्थानकं. सिल्क बोर्डच्या कोंडीत जाणारा अनेकांचा वेळ वाचला. तो वेळ कुणाला मिळाला? ऑफिसच्या मेलला, रीलला, की घरातल्या माणसाला? वाचलेली वीस मिनिटं सासूबाईंच्या पायाला तेल लावण्यात गेली, तर ती देवाला पोचली असं समजा.

शेवटी, या आठवड्यात करून पाहण्यासारखं थोडं सांगते. कामाला हात घालण्यापूर्वी, पंचिंग करताना, आपल्या कामाच्या टोकाला असलेल्या एका माणसासाठी मनात प्रार्थना करा. नाव माहीत नसलं तरी चालेल. घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंचा पगार ठरल्या तारखेला द्या, आणि त्यांनाही आठवड्याची सुट्टी आहे ना ते पाहा. मजुराची मजुरी रात्रभर अडवून ठेवू नका ही लेवीयातली आज्ञा आपल्या उंबरठ्यापासून सुरू होते. आणि आपल्या मंडळीत रविवारी न येऊ शकणारं कोण आहे ते शोधा. तो थंड पडलाय अशी चर्चा करण्याआधी त्याची सुट्टी कधी असते ते विचारा, आणि त्या दिवशी त्याच्या घरी जा.

ज्यांचे डोळे बायबलच्या दोन ओळींत मिटतात, त्यांना एवढंच सांगेन. त्या दोन ओळी वाचा आणि झोपा. राखण करणारा झोपत नाही.

आपण प्रार्थना करू.

हे प्रभू येशू, तू हातांनी काम केलंस, म्हणून थकवा तुला सांगून समजवावा लागत नाही. आज रात्री जे यंत्रावर आणि वॉर्डात जागे आहेत त्यांना सांभाळ. खरं लिहिण्याचं धैर्य दे, आणि ज्यांच्या हाताखाली माणसं आहेत त्यांना न्याय करायला शिकव. आमच्या घरात कुणा एकाच्याच पाठीवर सगळा भार पडू देऊ नकोस. आणि रविवारी दूर असलेल्यांना आमच्यापासून तुटू देऊ नकोस. तुझ्याच नावानं मागतो. आमेन.