राज्यव्यवहाराची लिपी कोणाच्या मालकीची?



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संगणकावर, आणि त्यातही सरकारी कचेरीतल्या संगणकावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु राज्यकारभार कोणत्या भाषेत, कोणत्या शब्दांत चालावा हा आपल्याकडे जुना प्रश्न आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ प्रसिद्ध करविला. शब्दांची चिंता आपण केली. ते शब्द ज्या पेटीत ठेवायचे तिची किल्ली कोणाकडे असावी, ही चिंता मात्र आपल्याला उशिरा सुचली.

गायकवाडी राज्य १९४९ साली विलीन झाले, पण त्याचे मोडी कागद आजही वाचता येतात. त्यासाठी अभ्यास लागतो, डोळे लागतात, परवानगी मात्र कोणाची लागत नाही. मोडीवर कोणा कारखानदाराची मालकी नव्हती. कारकून बदलला, दिवाण बदलला, राज्यच गेले. लिपी शिल्लक राहिली.

आता दुसरे उदाहरण पाहा. माझ्या एका संशोधक विद्यार्थिनीला एका कचेरीतून जुन्या दस्तऐवजांची सूची मिळाली. सूची १९९६ साली मोठ्या कष्टाने संगणकावर टंकलिखित केलेली होती. पडद्यावर आले ते रोमन अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांचे कडबोळे. मूळ टंक विकणारा व्यवसाय बंद पडलेला, आणि टंक चालावा म्हणून यंत्रामागे खोचावी लागणारी कुलपाची डबी हरवलेली. अखेर दीडशे वर्षांपूर्वीचे मोडी कागद तिने वाचले. त्यांची पंचवीस वर्षांपूर्वीची देवनागरी सूची तिला वाचता आली नाही.

असे का झाले? संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. त्या काळी प्रत्येक विक्रेता रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे तुकडे आपापल्या सोयीने बसवी. एकाच्या घरी ज्या क्रमांकावर ‘क’, दुसऱ्याच्या घरी तेथे वेलांटी. वास्तविक भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ ही सामाईक संकेतपद्धती भारतीय मानक म्हणून १९९१ सालीच मान्य झाली होती, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरच आधारलेली आहे. म्हणजे मानक होते. कचेऱ्यांनी खरेदी करताना ते मागितले नाही, इतकेच. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरविले ते २००९ साली. मधल्या वर्षांत जे टंकलिखित झाले, त्याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

मानक म्हणजे काय, हे बडोदेकरांना डभोईच्या गाडीवरून समजावे. १८६२ साली डभोई ते मियागाम हा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग टाकला गेला आणि आरंभी त्यावर बैल गाडी ओढीत. मियागामला मोठ्या रुंदीचा मार्ग आला, की सारा माल उतरवून पुन्हा चढवायचा. हमालांची सोय झाली, मालाची नाही. तरी एक गोष्ट होती: रुळांतील अंतर कोणालाही फूटपट्टीने मोजता येत होते. ज्याची रुंदी मालकाने गुप्त ठेवली आहे, असा रूळ कल्पनेत आणा. बंद स्वरूपातली सरकारी फाईल म्हणजे तसा रूळ.

येथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती टाळली पाहिजे. खुले मानक म्हणजे शेर-मापासारखी ठरलेली, सर्वांना उघड असलेली मोजपट्टी. मुक्तस्रोत आज्ञावली म्हणजे जिची मूळ संहिता वाचता, सुधारता आणि वाटता येते ती. पहिली दुसरीशिवाय असू शकते. बंद आज्ञावलीही खुल्या मानकात लिहू शकते. माझ्या मते शासनासाठी पहिली अट अपरिहार्य आहे, दुसरी इष्ट. भारत सरकारने क्रमही तसाच धरला. नोव्हेंबर २०१० मध्ये खुल्या मानकांचे धोरण आले. मानकाच्या वापरासाठी स्वामित्वशुल्क पडू नये, हा त्यातला गाभा. २०१५ साली मुक्तस्रोत आज्ञावलींचे धोरण आले. त्यानुसार सरकारी कामासाठी निविदा भरणाऱ्याने मुक्तस्रोत पर्याय वगळला, तर का वगळला याचे कारण द्यायचे. मला हे कलम फार आवडते. नकार देण्यास मनाई नाही. नकाराचे कारण मात्र लेखी हवे.

‘फुकट मिळते म्हणून घ्या’ हा युक्तिवाद मी करणार नाही. तो दुबळा आहे. माणसे शिकवावी लागतात, जुनी कागदपत्रे बदलून घ्यावी लागतात, बिघाड झाल्यास कोणाला बोलवायचे हे ठरवावे लागते. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ साली मुक्त प्रणालीचा निर्णय घेतला, दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक तिच्यावर आणले, आणि २०१७ साली नगरसभेने माघारीचा ठराव केला. विरोधक हे उदाहरण नेहमी देतात, द्यावेच. पण त्याच देशातील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ साली सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांची कार्यालये मुक्त प्रणालीकडे नेण्याचे जाहीर केले, हेही सांगावे. आपल्याकडे केरळने शाळांतून आरंभ केला. तेथील मुले मुक्त प्रणालीवरच संगणक शिकली. पुढे कचेरीत बसल्यावर त्यांना ती परकी वाटण्याचे कारण नाही. म्युनिकने प्रौढ कारकुनांपासून सुरुवात केली, केरळने विद्यार्थ्यांपासून. शिक्षक म्हणून मला केरळचा मार्ग अधिक शहाणपणाचा वाटतो.

उघडी संहिता म्हणजे निर्दोष संहिता, असाही भ्रम नको. ओपनएसएसएल या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त आज्ञावलीत २०१४ साली एक गंभीर दोष उघडकीस आला, आणि तो दोन वर्षे तेथे होता. वाचण्याचा अधिकार सर्वांना होता; वाचीत कोणी नव्हते. ग्रंथालयात पुस्तक असणे आणि ते वाचले जाणे यांतला फरक आम्हा प्राध्यापकांना कोणी समजावून सांगायला नको.

परंतु उघडेपणाचा एक लाभ आपल्या भाषेने प्रत्यक्ष घेतला आहे. ‘ॲ’ हे मराठी वळणाचे अक्षर युनिकोडमध्ये आरंभी नव्हते; हिंदी वळणाचा ‘ऍ’ होता. २००८च्या आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःचे स्थान मिळाले. मानक खुले होते, त्यात भर घालण्याची मागणी करण्याची रीत ठरलेली होती, म्हणून हे झाले. एखाद्या दुकानदाराच्या पेटीत अक्षर कमी असते, तर आपण त्याच्या मर्जीवर राहिलो असतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अधिक जाणवावे. येथे मराठीला शासनाचा आधार नाही. विक्रेत्याला आपली संख्या थोडी वाटणार. मानकात मात्र थोड्यांच्या अक्षरालाही तोच मान आहे.

आता शाळेच्या कार्यालयाकडे वळतो. आपल्या वार्षिक अंकांच्या आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या काही फाईली अशाच जुन्या टंकांत अडकल्या आहेत, असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत संगणकव्यवसायातले अनेकजण आहेत. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये नेणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. चार-सहा रविवार द्यावे लागतील. त्या आज्ञावली रफारात चुकतात आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ एकाच पंगतीत बसवितात. तेव्हा मुद्रिते माझ्याकडे पाठवावीत. तपासून देईन.