मुदतीची पूर्वसूचना

झाशीच्या इतिहासात एका घोषणेला दुर्दैवी स्थान आहे. २० नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव नेवाळकर यांनी कंपनीच्या अधिकाऱ्यांसमक्ष दत्तकविधान केले आणि दुसऱ्याच दिवशी ते निवर्तले. राणी लक्ष्मीबाईंनी अर्ज धाडले, १८१७ च्या तहाचे स्मरण करून दिले. परंतु संस्थान खालसा करण्याचा निर्णय दूर कलकत्त्यास झाला व मार्च १८५४ मध्ये मेजर एलिसने तो झाशीत वाचून दाखविला. ज्यांचे सर्वस्व जायचे होते, त्यांच्या हाती तो ऐकून घेण्यापलीकडे काही उरले नव्हते. अशा घोषणेला सूचना म्हणता येत नाही. तो निवाडा होय.

त्याच झाशीच्या रेल्वे स्थानकावर निराळी रीत दिसते. गाडी केव्हा सुटणार हे अगोदर जाहीर असते, म्हणून प्रवाशाला वेळेवर बोचके बांधता येते. सूचनेचे खरे मोल तिच्या शब्दांत नसून ती आणि घटना यांमधील अवधीत असते.

संगणकाचा सारा कारभार पाहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमलाही अशीच मुदत असते. २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. उबुंटूच्या तर आकड्यातच पंचांग आहे : २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. तिची नवी आवृत्ती दर एप्रिल-ऑक्टोबरात निघते आणि दर दोन वर्षांनी येणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते.

मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही, आणि फसगत होते ती इथेच. तट उभा दिसतो. पण त्याला पडलेली भगदाडे बुजविणारा गवंडी येईनासा होतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर संगणक वेठीस धरले. ब्रिटनमध्ये रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या आवृत्त्यांना आधार होता त्यांच्यासाठी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. अनेकांनी ती बसविली नव्हती. ज्यांची मुदत सरली होती त्यांना मात्र ती संकट आल्यावरच मिळाली.

म्हणून सूचना नुसती काढून भागत नाही, ती पोहोचावी लागते. ज्याच्या वह्या आता यंत्रात आहेत अशा एखाद्या दुकानदारापुढे इंग्रजी चौकट क्षणभर झळकली, तर तो ती बाजूस सारून गिऱ्हाइकाकडे वळणारच. त्याला त्याच्या भाषेत, वर्षभर आधीपासून, पुन्हा पुन्हा तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत : मुदत कोणती, थांबणार काय, आणि पुढे करायचे काय. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कित्येक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि नवे यंत्र घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. नोंदणी करणाऱ्या व्यक्तींना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सोय ठेवण्यात आली, ती याचसाठी उपयोगाची.

ज्या सूचनेबरोबर पुढची वाट दाखविली जाते, ती माणसाला सावध करते. वाट न दाखविणारी सूचना कितीही सभ्य भाषेत लिहिली, तरी ऐकणाऱ्याला ती निवाड्यासारखीच वाटते.